सूर्यास्ताचा तक्ता

व्हर्जिल कुबिचेकच्या टेबलामागे भिंतीवर एक तक्ता डकवलेला होता:
बारा महिने, प्रत्येकासमोर सूर्य मावळायची वेळ.
डिसेंबरपुढे सव्वापाच.
पंचांगासारखाच, पण मुहूर्त एकच,
आवाज कमी करण्याचा.

दिवसा हजार वॉट, रात्री चाळीस.
मला आधी वाटलं, वीज वाचवतात.
व्हर्जिल म्हणाला, सरकारचा नियम आहे.
दिवसा लहरी जमिनीला धरून चालतात,
कुंपणांना घासत जेमतेम काउंटी ओलांडतात.
अंधार पडला की आकाशाचा आरसा होतो,
मग आपलं बोलणं कुठल्या कुठं जाऊन पडतं,
दुसऱ्याच्या घरात.
म्हणून दिवेलागणीनंतर आपण कुजबुजायचं.

मी तिथं हिशेब लिहायचे, बियाणेवाल्यांच्या जाहिरातींची बिलं,
नेब्रास्कातल्या त्या गावात, जिथं माझं नाव
तीन वर्षांत तीन प्रकारे उच्चारलं गेलं
आणि तिन्ही मी चालवून घेतले.

सव्वापाचला तो उठायचा.
मागच्या खोलीत कपाटाएवढा ट्रान्समीटर,
काचेआड जांभळट उजेड, पंख्याचा घोगरा सूर.
एक खटका खाली. काटा आडवा व्हायचा.
आणि नदीपलीकडची, चाळीस मैलांवरची घरं
आमच्यातून उठून जायची, दिवे न विझवता.

त्या दिवशी बर्फ होता. ॲर्डिथ ओल्डेनची चिठ्ठी उशिरा पोचली:
एमेट गेला. शुक्रवारी दहा वाजता, लुथरन चर्च.
खाली पेन्सिलीनं:
त्याचा भाऊ नदीपलीकडे राहतो. एकोणीस वर्षं अबोला.
फोन उचलत नाही. पण मक्याचे भाव तुमच्याकडेच ऐकतो.
उजेडात वाचा.

घड्याळात पाच वीस.
खिडकीत उजेड नावापुरता.
व्हर्जिलनं चिठ्ठी वाचली, तक्त्याकडे पाहिलं,
आणि मागच्या खोलीत गेलाच नाही.
मक्याचे भाव पुन्हा वाचले, सावकाश,
दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं तसे.
मग एमेटचं नाव.
मग परत एकदा.
बारा मिनिटं आम्ही कायदा मोडून मोठ्यानं बोललो.
मी घरी निघालेली, दारातच थांबले, हातात रिकामा डबा.
नेमकं तेव्हा झाकण निसटलं.

शुक्रवारी भाऊ आला नाही.
चर्चबाहेर एक पिकअप इंजिन चालू ठेवून उभी होती म्हणे.
कोणाची, ते कोणी सांगेना.

फेब्रुवारीत फिनलंडहून पाकीट आलं.
एस्को नावाचा कुणी, तिकडे उत्तरेला,
बर्फावरून किलोमीटरभर तार ताणून
रात्री दीड वाजता कान लावून बसलेला.
रेघा आखून लिहिलं होतं:
मक्याचा भाव. पुन्हा मक्याचा भाव.
एमेट नावाचे गृहस्थ वारले. दहा वाजता की दोन, खरखरीत कळलं नाही.
मग धातूचं काहीतरी पडलं, गोल गोल फिरत राहिलं,
थांबलं.
ते काय होतं?
मी ऐकलं ते तुम्हीच, एवढं कृपया सहीनिशी कळवा.
सोबत परतीच्या टपालाचे पैसे आणि एका रेनडिअरचा फोटो.

सही म्हणजे कबुली. तारीख, मिनिटं, सगळं त्याच्या अक्षरात.
आठवडाभर तो कागद तक्त्याखाली टाचलेला राहिला.
मी म्हटलं, सही करू नकोस, परवाना जाईल.
व्हर्जिल म्हणाला, एवढ्या लांबून
एमेटसाठी एक तरी माणूस आला.
त्याला दारातूनच परत पाठवू?

सही केली. मग पेन माझ्यापुढे सरकवलं:
ते पडल्याचं तू लिही.

मी लिहिलं: डब्याचं झाकण. स्टीलचं.
त्यावर माझं नाव कोरलेलं आहे.
आणि खाली, सुटी सुटी अक्षरं करून,
ते कसं म्हणायचं तेही.