पळोवया

म्हापशात, स्टेडियमच्या मागच्या जिन्याखाली माझी खुर्ची.
पूर्वी इथं चुन्याच्या गोणी ठेवत, कोपऱ्यांची निशाणं.
आता एक यंत्र, आणि मी.
सरावाच्या जर्सीत माइक असतो;
पोरं बोलतात ते शब्दन् शब्द उतरवून
समोर रकाना भरायचा:
विश्वास, भीती, राग, टाळाटाळ.

यंत्राला कोकणी येत नव्हती.
मराठी येत होती थोडी, तीही माझ्याकडून.
"शेजारच्याच तर भाषा, चालवून घ्या,"
गावकरसाहेब म्हणाले.
चालवून घेतलं.

'बघूया' म्हणजे काय, हे मीच शिकवलं त्याला.
डिचोलीला आमच्या ओसरीवर
तीन स्थळं पोहे खाऊन 'बघूया' म्हणत उठली.
चौथ्याला बाबांनी बोलावलंच नाही.
मी भरलं: टाळाटाळ. शंभरात ब्याण्णव.

कायतान व्हिएगस, गोलरक्षक, वय एकतीस, शिवोलीचा.
गुडघा कसा आहे? पळोवया.
रविवारी पेनल्टी झाल्या तर?
पळोवया.
एका मोसमात एकशे चौदा वेळा.
एकशे चौदा वेळा यंत्रानं
आमच्या ओसरीवरचे पोहे
त्याच्या पानात वाढले.

मार्चमध्ये अहवाल वर गेला.
एप्रिलमध्ये त्याच्या लॉकरवर दुसरं नाव.

तो आला जिन्याखाली, हातमोजे परत करायला.
त्याला वाटलं, ही अजून सामानाचीच खोली.
इथं नाही घेत, म्हटलं.
मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
आता पुढे काय?

"पळोवया."

आणि खरंच पाहत होता तो,
पायऱ्यांच्या फटीतून दिसणाऱ्या गवताच्या पट्टीकडे,
गुडघे जरासे वाकवून,
वजन दोन्ही पायांवर सारखं,
कुणीतरी धावत येतंय
आणि चेंडू अजून सुटायचाय, अशा बेतानं.
आधीच उडी मारली तर फसतो माणूस.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुठे विचारलं होतं?

त्या रात्री साहेबांना लिहिलं:
एक रकाना वाढवायला हवा. त्याचं नाव अजून सुचत नाही.
सकाळी उत्तर आलं: बघूया.

ब्याण्णव, यंत्र म्हणालं.
या खेपेला त्याचं चुकलं नव्हतं.

हातमोजे माझ्याकडेच राहिलेत,
की-बोर्डाच्या उजवीकडे.
धुतले नाहीत.
दमट दिवसांत त्यांना चुन्याचा वास येतो.