लाइन

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो
तेव्हा गोळीबार चौकातले कूलर एकदम गप्प होतात
आणि बायका दारात येऊन म्हणतात, "लाइन गेली."
वीज नाही, करंट नाही.
लाइन.
जणू घरातलंच कुणी चपला घालून
न सांगता कामठी रोडला लागलं.

मी सदरला इंग्रजी शिकवते,
दुसरा माळा, खाली झेरॉक्सचं दुकान.
उमरेडहून रोज येणारी वैष्णवी बांते परवा म्हणाली,
"मॅडम, लाइन म्हंजे नेमकं काय जी?"
मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली.
तेवढ्यानं भागलं नाही.

रेशनची लाइन, जिच्यात माणसाऐवजी त्याची पिशवी उभी राहते.
इतवारीहून नागभीडला डुलत जाणारी छोटी लाइन,
जिच्यातून मधेच उतरून बोरं तोडता यायची
आणि पुन्हा चढता यायचं, असं माझे आजोबा खोटं सांगत.
सिव्हिल लाइन्स, जिथे कशाचीच लाइन लागत नाही
आणि आमच्यासारखी जातही नाही.
वैष्णवीचा मामा टाकळीच्या पोलीस लाइनीत राहतो, हे तिनं सांगितलं.
बस स्टँडवर लाइन मारणारा एक जण आहे,
हे नाही सांगितलं. नुसती लाजली,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं.

घरी हा शब्द एकटा बोलायची सोय नाही.
बाबा लाइनमन होते, शालिक नंदनवार, एकतीस वर्षं.
"लाइन गेली," म्हटलं की घास हातात थांबतो.
"कोनची? लाइटाची का फोनाची? नीट सांगत जा."
आम्ही हसायचो. आई हसायची नाही.

ब्याऐंशी साल, कळमन्याची बाजू.
बाबांनी एका दुकानातून सबस्टेशनला फोन लावला होता.
पलीकडून खरखरत आवाज आला:
बंद आहे... लाइन बंद आहे...
तो माणूस टेलिफोनला वैतागला होता.
त्याला इकडचं काही ऐकूच येत नव्हतं.
बाबा बाहेर आले, खालून हात वर केला
आणि खांबावरच्या गुलाब परातेनं
पकड पुढे केली.

चौकशीच्या कागदात यावर एक ओळ आहे.
ओळ म्हणजे, वैष्णवी, तीही लाइनच.

काल रात्री पुन्हा अंधार.
मोबाइलच्या उजेडात मी जाडजूड कोश उघडला.
अर्थांना आकडे दिलेले, तिसाच्या पुढे गेलेले.
मासे पकडायची, नाटकातली, कपाळावरची, घराण्याची.
मग अगदी तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात, शब्दाचं मूळ:
धागा. जवसाच्या देठातून काढलेला.

जवस!
म्हणजे आपल्या बरणीतला, तव्यावर तडतडणारा,
लसूण-मिरचीबरोबर कुटलेला.
साता समुद्रापलीकडचा शब्द,
आणि त्याचं माहेर आमच्या फळीवर, मिठाच्या शेजारी.

बाबांना सांगितलं. ते ताटावरच होते,
भाकरीवर तीच चटणी, वरून कच्चं तेल.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
त्यांचे वडील पाचपावलीत मागावर बसत.
धागा तुटला की थुंकी लावून, चिमटीत पीळ देऊन जोडत.

"धाग्याचं बरं असते," बाबा म्हणाले,
"तुटला त दिसते.
तारेत आहे का नाई,
थे वरून दिसत नाई."

मी कोश मिटला. पंख्याचं पातं हललं,
कूलरच्या पोटात पाणी गुरगुरलं
आणि सगळा मोहल्ला, लेकराबाळांसकट, ओरडला:
"आली! लाइन आली!"

बाबांनी डोळ्यांवर हात धरला,
उजेडापासून की कशापासून,
आणि मला विचारलं,
"कोनची?"