पाव फेरा मागे

पेट्या असताना कळलंच नाही.
फलटणच्या सूर्यफुलाकडे रात्रीत उतरायचं,
मागे सातेरीच्या चोवीस पेट्या, दारांना जाळी मारलेली,
सगळी जीपच गुणगुणत होती,
त्यात एका चाकाचं काय ऐकू येणार.

येताना रिकामा होतो.
केळघरच्या घाटात डाव्या वळणाला तीच गुणगुण.
मागे वळून बघितलं :
दोर, ताडपत्री, विझलेलं धुराडं.
एकही माशी नाही.
उजव्या वळणाला गप्प.
डाव्याला पुन्हा.

सकाळी तशीच मेढ्याला उतरवली.
स्टँडमागे शिकलगारांचं गॅरेज.
दस्तगीरभाईंचे कान घणानं नेले, आता पाने नफिसा धरते.
तिनं उजवं चाक जॅकवर उचललं,
एक हात वर, एक खाली, आणि हलवलं.
कट्. कट्.
दस्तगीरभाईंनी टायरवर तळवा ठेवला,
शिरवळचा डॉक्टर गाभण म्हशीला ठेवतो तसा,
आणि मान डोलावली.

एकोणनव्वदची गाडी, चारी चाकं ओढणारी,
म्हणजे पुढच्या हबमध्येही सगळा संसार :
लॉक, सर्क्लिप, नट, वॉशर, पुन्हा नट.
वॉशरची जीभ दुमडलेली, ती आधी छन्नीनं उठवायची.
काढेल तसं ती वर्तमानपत्रावर मांडत गेली.
मी एक नट उचलून बघायला गेलो.
"हात लावू नका काका. क्रम गेला तर मी गेले."

बाहेरचं बेअरिंग बरं निघालं.
आतलं डिझेलमध्ये धुतलं तेव्हा
दोन रोलरांवर देवीचे व्रण,
आणि ग्रीस दुधाच्या चहासारखं.
"ओढ्यात घातली होती?"

घातली होती.
सात वर्षांनी कारवी फुलली होती, पलीकडच्या सड्यावर,
मी फोर-व्हील टाकून निम्मी चाकं बुडवली
आणि पलीकडे गेल्यावर
बॉनेटवर थाप मारून शाबास म्हणालो होतो.
नफिसानं सील समोर धरलं. कड फाटलेली.

जुना कप पितळी दांड्यानं ठोकत काढला,
एकदा इकडून, एकदा तिकडून; तिरका झाला की रुसतो.
नवा तसाच आत.
शेवटच्या घावाला हातोडीचा आवाज बदलला, भरीव झाला,
आणि तो दस्तगीरभाईंना कुठून कळला कोण जाणे,
"बसला," म्हणाले.

मग ग्रीस. तळहातावर गोळा,
बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दाबत राहायचं,
रोलरांच्या फटींतून पलीकडे पिवळे थेंब उगवेपर्यंत.
मी म्हटलं, दे मला, हे मला येतं,
फटीफटीतून काही भरून यायची वाट बघणं.
दिलं तिनं.

चाक फिरवत नट आवळला,
आणखी आवळला, चाक जड होईस्तोवर.
मला वाटलं झालं.
ती पाना उलटा धरून
पाव फेरा मागे आली.
"एवढं आवळलंस, मग सोडलंस कशाला?"
दस्तगीरभाईंनी माझे ओठ वाचले असावेत.
"जळंल की. त्याला जरा..."
पुढचं बोटांनी दाखवलं,
दोन बोटांत केसाएवढी जागा.
तेवढ्यात चहा आला.

जुनं बेअरिंग मागून घेतलं.
पेट्यांच्या झाकणावर वाऱ्यासाठी दगड ठेवतो,
त्यांत एक हे.

"माथ्यावर गेल्यावर उतरा," नफिसा म्हणाली,
"हबवर हात ठेवा. ठेववला तर ठीक.
चटका बसला तर तसेच परत या."

डावी वळणं सगळी कान लावून चढलो.
गाडी इतकी गप्प
की मागे दोराची गाठ हौद्यावर आपटताना ऐकू आली,
ती बहुधा आठ-दहा वर्षं आपटत असेल.

माथ्यावर उतरलो. हात ठेवला.

पौषात पहाटे पेटीला बाहेरून हात लावतो मी,
आत आहेत की गेल्या ते बघायला.
एवढीच ऊब होती.
हात जरा वेळ तिथंच राहू दिला.