कोटेशन

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या माळ्यावर
मुस्तनसिरभाईंनी पेनाने आकडा लिहिला,
मग स्वतःच खोडला.
"बेन, दिवाळीपर्यंत थांबा. नवीन चिप येते.
ही मग पाच हजारांनी पडेल."

दिवाळीत म्हणाले, चिप आली, पण कार्ड मार्चमध्ये.
मार्चमध्ये रॅम महागली.
कोटेशन घडीवर फाटत आलंय,
पाठीमागे दुधाचा हिशोब.

घरी, भांडुपला, माझा जुना डबा
लग्नाचे अल्बम रेटतो.
एक अल्बम बाहेर पडायला बावन्न मिनिटं.
पंखा असा घोंघावतो की खालच्या सामंतकाकू विचारतात,
गिरणी टाकलीस का गं?

बावन्न मिनिटांत मी मेथी निवडते.
नखं हिरवी होतात, माउसही.
शाल्मलीचा सतराचा पाढा
पाठ झाला तो कुणा अनोळखी नवरीच्या
साठ टक्क्यांवर.
सतरा साते एकशे एकोणीस,
आणि नवरी अडकली.

नव्यावर चार मिनिटं लागतील म्हणे.
चार मिनिटांत एकोणीसचा होणार नाही.

काल तरी गेले.
काउंटरमागे तीच पाटी: आज रोख, उद्या उधार.
त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हटलं,
आज जो आहे तो द्या.
ते हसले, बिलबुक ओढलं,
कार्बन सारखा करता करता
सवयीनं म्हणाले,
"तसं जूनमध्ये..."

टॅक्सीत खोका मांडीवर.
भायखळ्याचा पूल चढताना आठवलं,
फ्रिजमध्ये मेथीची जुडी
तशीच आहे.