शर्टाचा रकाना

चुपाकाच्या शाळेमागे, जिथे पूर्वी तुटके बाक ठेवत,
तिथे मी शनिवारी सोन्याचं पाणी घेऊन बसते.

सोनं म्हणजे पिवळं, हे ढेकळाएवढ्या सोन्याचं खरं.
एका केसाच्या रुंदीत हजारो कण उभे राहतील
इतकं बारीक केलं की ते लाल होतं,
निवडुंगावरचे किडे चिरडून
आम्ही लोकर रंगवतो, तसं लाल.
फवारणीतलं काही त्यात उतरलं
की सुटे सुटे असलेले कण एकमेकांना बिलगतात,
भ्यालेल्या मेंढ्यांसारखे,
आणि पाणी जांभळं पडतं.
आणखी असलं, तर निळं.

सोनार दगडावर सोनं घासतो.
इथे सोनंच कोथिंबिरीला कसाला लावतं.

डोळ्यावर मात्र विसंबायचं नाही.
डोळा दुपारनंतर दमतो,
ओळखीचं माणूस समोर असलं की विरघळतो.
म्हणून हे बुटांचं खोकं, आतून पांढरा कागद,
एक दिवा, एक भोक, भोकावर फोन.
फोन विचारतो फक्त: लाल किती, निळं किती.
मी आकडे वहीत उतरवते.

सेलरी, तीन जुड्या. लाल.
पालक, रेमिहियोचा. जांभळट.
तो म्हणाला, खोक्याचा दिवा बदल.
बदलला. पालक तोच.
तो टोपी न घालताच निघून गेला,
टोपी अजून खुंटीवर आहे.

मग दोन्या एउफेमिया आली.
तिच्या टोपलीत भाजी नव्हती,
शीतपेयाच्या बाटलीत गढूळ पाणी होतं.
कुठल्या वाफ्यातलं, मी विचारलं.
"विल्मरच्या शर्टाचं," ती म्हणाली,
"वरच्या बटाट्याच्या मळ्यात तो पंप पाठीवर घेतो.
दोनदा धुतला. हे दुसऱ्या धुण्याचं."

साबणानंही रंग फिरतो, मी सांगितलं.
साबण नव्हता, ती म्हणाली, संपला होता.

मी कापडातून गाळलं. चार थेंब टाकले.
पाच मिनिटं थांबायचं असतं;
दुसऱ्याच मिनिटाला तिने बाटलीवरची नजर काढून
माझ्या चेहऱ्यावर ठेवली.

लाल एकशे चार. निळं एकशे एकेचाळीस.

"हे जास्त की कमी?"
पालकाला किती चालतं, ते भिंतीवर टांगलंय.
सेलरीला किती, बटाट्याला किती.
मी बोट वरपासून खालपर्यंत नेलं,
तक्त्याखालच्या गिलाव्यापर्यंत.

तिने बाटली घट्ट बंद केली.
"परवा त्याची टोपी आणू?"

मी वहीत पट्टीनं एक उभी रेघ मारली,
वर लिहिलं: शर्ट.
पट्टी जरा सरकली, रेघ वाकडी आली.
खोडली नाही.