अकरा ब्लाइंड

सक्करदऱ्यात, कूलरच्या ताट्या विकणाऱ्या दुकानावरच्या खोलीत,
नवतपाच्या पाचव्या रात्री,
आम्ही पाच जण उरलो होतो. बक्षीस चौघांना.

माझ्यापुढे आठ हजार आठशे. ब्लाइंड चारशे-आठशे.
अकरा ब्लाइंड म्हणजे किती, ते गजभियेनं सकाळीच समजावलं होतं,
तर्री-पोह्यातले चणे प्लेटच्या काठावर मांडून :
"इतके असले का लोक भेतात.
तीन राह्यले का कोनी भेत नाही, बावा.
मंग तुले पानंच लागतात.
अन् पानं काही आपल्या बापाची नसतात."
फोल्ड इक्विटी हा शब्द त्यानं नंतर सांगितला,
नळाखाली हात धुताना,
जाता जाता.

बुटीबोरीच्या गिरणीत
बावीस वर्षं जिभेखाली ठेवलेलं वाक्य
मी शेवटी बोललो होतो : राजीनामा देतो.
तोवर अर्धं खातं बंद झालं होतं.
नव्या साहेबानं मान वर न करता
फॉर्म सरकवला. पेनही त्याचंच.
हेच मी सत्त्याण्णव साली म्हटलं असतं
तर खुर्ची ओढली असती कुणी,
चहा आला असता, दारही लावून घेतलं असतं.

किलवर नव्वी, चौकट पंजी.
यांना कुणी पानं म्हणत नाही.
बटण माझ्याकडे. आधीच्या दोघांनी टाकली,
त्यात एक पोट्टा, दोन ब्लाइंड मुठीत धरून बसलेला.
मी सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या.
निमजेबाईंनी न बघताच टाकली.
उरला हेडाऊ. त्याच्यापुढे चौदा हजार.

तो माझ्याकडे बघतच नव्हता,
त्या पोट्ट्याकडे बघत होता.
थोडं थांबलं तर हा आपोआप जाईल, आपण चौघांत.
कूलरचा पंप कोरडा घरघरत होता,
कुणी उठून पाणी टाकत नव्हतं.

हेडाऊनं पानं उलटी करून दाखवली : एक्का, सत्ती.
"घे बावा." आणि टाकली.

"काय होतं रे तुझ्याकडं?"
मी माझी पानं पालथीच
ढिगात सरकवली.
बोटं थरथरत होती, म्हणून
चकत्या पुन्हा पुन्हा रचत राहिलो,
दहा हजार आठशे,
दहा हजार आठशे.