गंगावेशीतली खोली

साडेतीनला खालच्या तालमीत दिवा लागतो.
मग जोर, बैठका. कुणीतरी मोजतंय.
शंभरापर्यंत मीही मोजते, पडल्या पडल्या,
पुढं त्याचं चालू राहतं, माझं चुकतं.

सव्वाचारला कट्ट्यावर म्हशी.
साखळ्या, चरव्या, "सरक गं, सरक की",
आणि हसणारी माणसं.
इतक्या पहाटे कशाला हसतात ही माणसं?

पहिल्या महिन्यात कानात कापूस घातला.
घरमालकीण शिंगणापुरे काकू म्हणाल्या,
"हुईल सवय. मला तर आता
शड्डू ऐकल्याबिगर कूस वळता येत न्हाई."
मनात म्हटलं, तुमचं बरं आहे.

आजऱ्याकडं आवाज नव्हते असं नाही.
पण ते नावानिशी ओळखीचे:
ही कडी गोठ्याची, हा खोकला तात्यांचा.
इथं सगळं परकं, आणि मोठ्यानं.

काल आईचा फोन आला, भल्या पहाटे.
ती उठतेच तेव्हा, काम उरलं नाही तरी.
रेंजसाठी मी खिडकीशी गेले.
बोलता बोलता ती थांबली.
"कुणाची म्हस गं ही? धार काढत्यात नव्हं?"

या खोलीच्या डिपॉझिटला
आम्ही आमची सखू विकली होती.

"आई, इथं खाली रोजच..."
"बोलू नको. फोन तसाच धर."

धरला.
चरवीत धार वाजत होती,
आधी पत्र्यावर, मग दुधात.
तालमीत कुणी सत्तरवर होतं.
हात भरून आला, तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.